ॲल्युमिनियम काढायचं की सिलिकॉन? झेडएसएम-५ बाबतचा नेहमीचा घोळ

बायोमासपासून बेंझीन, टोल्युइन, झायलीन मिळवण्यावरचं कुठलंही सादरीकरण उघडा. तिसऱ्या-चौथ्या स्लाइडवर एक वाक्य हमखास भेटतं: ‘डीॲल्युमिनेशन किंवा डीसिलिकेशन करून झिओलाइटमध्ये मेसोपोर तयार केले.’ म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनच्या सच्छिद्र स्फटिकी चौकटीतून ॲल्युमिनियम किंवा सिलिकॉन काढून मूळ सूक्ष्म छिद्रांपेक्षा मोठी भोकं पाडली. जणू दोन्ही एकाच कामाच्या दोन पद्धती, हाताशी आम्ल असेल तर ही आणि कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) असेल तर ती. प्रत्यक्षात एकीत उत्प्रेरकाचं रसायन बदलतं आणि दुसरीत मुख्यतः रेणूंची वाट बदलते.

झेडएसएम-५ या झिओलाइट उत्प्रेरकाची लांबलचक ओळख करून देत बसत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं १९८० च्या दशकात एन्सिलाइट हे याच जातीचे उत्प्रेरक झायलीनसाठी कारखान्यापर्यंत नेले, तेव्हापासून आपल्याकडे हे कुटुंब परिचयाचं आहे. साधारण साडेपाच अँगस्ट्रॉमची छिद्रं, चौकटीतल्या प्रत्येक ॲल्युमिनियममागे एक ब्रॉन्स्टेड (प्रोटॉन देणारं) आम्ल केंद्र. लाकूड किंवा उसाचं चिपाड ५०० ते ६०० अंश सेल्सियसला झटकन तापवलं की निघणाऱ्या वाफा या केंद्रांवर पाणी, कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड टाकून देतात आणि त्यातून ॲरोमॅटिक्स, म्हणजे बेंझीनच्या कुळातली संयुगं, बनतात. ग्लुकोजचं सगळं हिशेबानं टोल्युइन झालं आणि सोबत फक्त कार्बन मोनॉक्साइड आणि पाणी निघालं, तरी त्यातला जेमतेम ६४ टक्के कार्बन टोल्युइनमध्ये येऊ शकतो. प्रत्यक्षात त्याच्या बरंच खाली थांबावं लागतं, कारण मोठा वाटा कोक, म्हणजे उत्प्रेरकावर साचणारा कार्बन, खातो.

आता डीॲल्युमिनेशन. तापलेली वाफ किंवा आम्ल चौकटीतला ॲल्युमिनियम उपटून काढतं. घोळाचं मूळ इथेच आहे, कारण पेट्रोलियमवाल्यांना हे फार चांगलं ठाऊक असतं. तेल शुद्धीकरणातला वाय झिओलाइट वाफ देऊन स्थिर करतात आणि त्यात मेसोपोर खरंच पडतात. पण का पडतात? वाय झिओलाइटच्या एकक कोशिकेत (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या लहानात लहान तुकड्यात) सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम मिळून १९२ अणू असतात. सिलिकॉन-ॲल्युमिनियम गुणोत्तर २.५ धरलं तर त्यातले सुमारे ५५ ॲल्युमिनियम. एवढे काढले की पोकळ्या एकमेकींना मिळतात आणि मोठी भोकं होतात. झेडएसएम-५ च्या कोशिकेत असे ९६ अणू असतात. गुणोत्तर १५ असेल तर ॲल्युमिनियम फक्त ६, आणि ४० असेल तर सव्वादोन-अडीच. ज्वारीतले खडे वेचले म्हणून पोतं रिकामं होत नाही. ॲल्युमिनियम गेला की आम्ल केंद्र जातं, मेसोपोर मात्र नावापुरतेच मिळतात. झेडएसएम-५ चं डीॲल्युमिनेशन करून ‘छिद्ररचना सुधारली’ असं कुणी लिहिलं, तर मी आधी छिद्रांची मापं दाखवणारा नायट्रोजन शोषणाचा आलेख मागतो.

यातच आणखी एक खोड. वाफेनं निघालेला ॲल्युमिनियम कुठे जातो? कुठेच नाही. चौकटीबाहेर पडून तो छिद्रांतच अडकून बसतो. त्यामुळे नमुना विरघळवून रासायनिक विश्लेषण केलं, तर एकूण गुणोत्तर जवळपास होतं तेच येतं आणि लोक म्हणतात, डीॲल्युमिनेशन झालंच नाही. ते झालेलं असतं, फक्त चौकटीचं गुणोत्तर वाढलेलं असतं. ते बघायला ॲल्युमिनियम-२७ चा घन अवस्थेतला एनएमआर (अणुकेंद्रीय चुंबकीय अनुनाद) लागतो: ५५ पीपीएमजवळचं शिखर चौकटीतल्या ॲल्युमिनियमचं, शून्याजवळचं बाहेर पडलेल्याचं. पुढे आम्लानं धुतलं, तरच तो मलबा निघतो आणि एकूण गुणोत्तरही चढतं.

डीसिलिकेशनची गोष्ट निराळी. इथे सौम्य कॉस्टिक, म्हणजे ०.२ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, ६५ अंश आणि अर्धा तास ही नेहमीची कृती. सिलिकॉन विरघळतो. चौकटीत तोच बहुसंख्य असल्यामुळे भोकं मोठी पडतात, दहा नॅनोमीटरच्या आसपास. बाह्य पृष्ठफळ ग्रॅममागे ४० चौरस मीटरवरून २०० च्या वर जाऊ शकतं. आम्ल केंद्रं बरीचशी शाबूत राहतात आणि एकूण गुणोत्तर खाली उतरतं. म्हणजे या मापाची दिशाच उलटी आहे.

सगळे अडखळतात ते पुढे. सिलिकॉन काढताना लगाम ॲल्युमिनियमच्या हातात असतो. चौकटीतल्या ॲल्युमिनियमभोवती ऋण भार असतो, तो हायड्रॉक्साइडला दूर ठेवतो, म्हणून त्याच्या शेजारचे सिलिकॉन टिकतात. ॲल्युमिनियम फार असेल तर कॉस्टिकचं काही चालत नाही. फार कमी असेल तर चौकट बेबंद विरघळते. सोयीचा पट्टा साधारण २५ ते ५० सिलिकॉन-ॲल्युमिनियम गुणोत्तराचा. म्हणूनच ‘आधी वाफ देऊ, मग कॉस्टिकनं भोकं पाडू’ ही हौशी कल्पना फसते: वाफेनं बाहेर काढलेला ॲल्युमिनियम पृष्ठभागावर पुन्हा बसतो आणि सिलिकॉनला बाहेर पडू देत नाही. तो ऑक्झॅलिक आम्लानं धुऊन टाकला की मगच कॉस्टिक काम करतं. दोन्ही क्रिया एकमेकींच्या जागी चालणाऱ्या असत्या, तर क्रमानं एवढा फरक पडला नसता.

कॅटलॉगबद्दलही बोलायलाच हवं. विक्रेते बहुधा सिलिका-ॲल्युमिना गुणोत्तर छापतात. ॲल्युमिनामध्ये दोन ॲल्युमिनियम असतात, म्हणून कॅटलॉगातला ३० हा आकडा अणूंच्या हिशेबात १५ होतो. ‘३०’ लिहिलेली बाटली आणायची, ती २५ ते ५० च्या पट्ट्यात बसते असं समजायचं, त्यावर कॉस्टिक ओतायचं आणि भोकं पडली नाहीत म्हणून सोडियम हायड्रॉक्साइडच्या शुद्धतेवर शंका घ्यायची, हा प्रकार अजून थांबत नाही. कुठलं गुणोत्तर ते न लिहिता नुसता आकडा देणारा लेख मी बाजूला ठेवतो.

गंमत अशी की ग्लुकोजच्या जलद पायरोलिसिसमध्ये (हवेविना झटकन तापवण्यात) ॲरोमॅटिक्स सर्वाधिक मिळतात ते याच सिलिका-ॲल्युमिना ३० च्या आसपास, म्हणजे डीसिलिकेशनच्या सोयीच्या पट्ट्याबाहेर. शिवाय ग्लुकोजवर मेसोपोरनी उत्पन्नात फारशी भर पडत नाही. उत्पादन अधिक जड ॲरोमॅटिक्सकडे सरकतं. मेसोपोरमध्ये छिद्राचा आकार कुणाला अडवत नाही, त्यामुळे हे व्हायचंच. लाकडातल्या लिग्निनचे जाडजूड तुकडे असलेला कच्चा माल असेल, तर मी डीसिलिकेशन निवडेन, आणि नंतर सौम्य आम्लानं धुऊन पृष्ठभागावरचा ॲल्युमिनियमचा मलबा काढेन. बेंझीन आणि टोल्युइनच हवं असेल, तर बारीक स्फटिकांचा साधा झेडएसएम-५ पुरे. एकूण बीईटी (नायट्रोजन शोषणावरून काढलेलं) पृष्ठफळ वाढलं म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांना एवढंच विचारायचं: सूक्ष्म छिद्रांचं आकारमान किती उरलं?

गॅलियम घालणं हा वेगळा विषय. त्यानं भोकं पडत नाहीत; हायड्रोजन काढून ओलेफिन्सना (दुहेरी बंध असलेल्या हायड्रोकार्बनना) ॲरोमॅटिक्सकडे नेण्याचा वेग वाढतो. बस.

कॉस्टिकनंतर झिओलाइट सोडियम रूपात असतो, हे मात्र विसरू नका. अमोनियम नायट्रेटनं आयन बदलून ५५० अंशांना भाजल्याशिवाय आम्ल केंद्रं परत येत नाहीत. ही पायरी गाळून ‘डीसिलिकेशननं सक्रियता मेली’ असा निष्कर्ष काढू नये.

रिॲक्टरमध्ये तर डीॲल्युमिनेशन न मागता होतं. बायोमासच्या वाफांत पाणी भरपूर, त्यात कोक जाळताना आणखी पाणी तयार होतं. कोकनं मेलेला उत्प्रेरक जाळून पुन्हा उभा राहतो, चौकटीबाहेर गेलेला ॲल्युमिनियम काही परत बसत नाही. फॉस्फरस घालून हे नुकसान कमी करतात. बायोमासच्या राखेतला पोटॅशियमही आम्ल केंद्रं झाकतो आणि त्याचंही खापर डीॲल्युमिनेशनवर फुटतं. पण चौकट शाबूत असते, आयन पुन्हा बदलले की ही केंद्रं बऱ्याच अंशी मोकळी होतात. म्हणून सक्रियता घसरली की वाफेला दोष देण्याआधी नमुन्यातला पोटॅशियम मोजा.