हरभऱ्यावरील घाटेअळीचे नैसर्गिक शत्रू

घाटेअळी म्हणजे हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा या पतंगाची अळी, हरभऱ्याची सर्वांत नुकसानकारक कीड. लहानपणी ती पाने खरवडते. मोठी झाली की घाट्याला, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगेला, भोक पाडून, डोके आत आणि धड बाहेर ठेवून दाणे फस्त करते. एक अळी साधारण 30 ते 40 घाटे पोखरते. तिचे शत्रू शिवारात असतातच, पण ते पिकात टिकतात की नाही हे हरभऱ्याखेरीज शेतात आणि बांधावर काय उगवते यावर बरेच ठरते.

नुसता हरभरा मित्रकीटकांना फारसा मानवत नाही. त्याच्या पानांवरच्या लवेतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरते. पहाटे पिकावर कापड फिरवून गोळा करतात ती आंब हीच. पतंगाच्या अंड्यांत आपली अंडी घालणारी ट्रायकोग्रामा ही सूक्ष्म गांधीलमाशी इतर पिकांत उपयोगी पडते, पण आंबेमुळे हरभऱ्यात तिचे फारसे चालत नाही. इथे खरी भिस्त कॅम्पोलेटिस क्लोरिडी या गांधीलमाशीवर. ती कोवळ्या घाटेअळीच्या अंगात अंडे घालते. आत वाढलेली तिची अळी बाहेर पडून पानावर लहानसा कोष विणते; कोषाला चिकटलेले घाटेअळीचे सुकलेले कातडे ही तिची खूण. म्हणजे घाटे पोखरण्याच्या वयात येण्याआधीच घाटेअळी संपते.

प्रौढ कॅम्पोलेटिसला मात्र मकरंद लागतो आणि हरभऱ्याचे मिटलेले फूल तो सहजासहजी देत नाही. धन्याची बारीक, उघडी फुले देतात. हरभऱ्यात धने आंतरपीक घेतल्यावर तिने ग्रासलेल्या अळ्यांचे प्रमाण वाढल्याचे प्रयोगांत दिसले आहे. अट एकच, धने वेळेवर फुलले पाहिजेत.

पेरताना हरभऱ्यात ज्वारीचे थोडे दाणे मिसळण्याची शिफारसही जुनीच. तिच्या ताटांवर कोतवाल, साळुंक्या बसतात आणि अळ्या टिपतात. बांधावरची बोर-बाभूळ हेच काम वर्षभर फुकट करते. पिकाच्या चार ओळी वाढवण्यासाठी बांध कोरणे म्हणूनच नुकसानीचे.

मात्र कोणतेही पीक जोडीला चालत नाही. तूर, कापूस, टोमॅटो हीच कीड पोसतात. आणि सरसकट मारणारे कीटकनाशक पडले की कॅम्पोलेटिसही मरते. म्हणून एक मीटर ओळीत 1 ते 2 अळ्या दिसेपर्यंत थांबावे, मग आधी 5 टक्के निंबोळी अर्क किंवा फक्त घाटेअळीला ग्रासणारा विषाणू, एचएएनपीव्ही, फवारावा.