मैदान दत्तक दिलंय की काळजीवाहू तत्त्वावर?

मुंबईत एखाद्या मैदानाच्या फाटकावर महापालिकेच्या नावाखाली कुठल्या तरी संस्थेचं नाव दिसलं, की आपण ‘मैदान दत्तक दिलंय’ असं म्हणून मोकळे होतो. पण महापालिकेने संस्थांकडे जागा सोपवल्या त्या दोन वेगवेगळ्या तत्त्वांवर, दत्तक आणि काळजीवाहू. वॉर्डातल्या नागरिकांच्या बैठकांमध्येही या दोहोंची इतकी सरमिसळ होते की विरोध एकाला आणि भाषण दुसऱ्यावर, असा प्रकार चालतो.

दत्तक समजायला सोपं आहे. जागा महापालिकेची, आरक्षणही जे असेल तेच: खेळाचं मैदान, मनोरंजन मैदान किंवा उद्यान. संस्थेने माळी आणि रखवालदार ठेवायचे, झाडांना पाणी घालायचं, मोडलेले झोपाळे दुरुस्त करायचे. खर्च तिचा आणि बदल्यात पाटीवर नाव. प्रवेश सगळ्यांना खुला. क्लब बांधायचा हक्क मात्र यात मिळत नाही. चर्चगेटजवळचं ओव्हल मैदान रहिवाशांच्या संस्थेने सांभाळलं ते साधारण याच भावनेने. तिथे आजही कोणीही जाऊन क्रिकेट खेळतं. (ती जमीन राज्य सरकारची, त्यामुळे महापालिकेच्या हिशेबात ती धरू नये.)

काळजीवाहू तत्त्वात संस्थेला निगेबरोबर विकासही करता येत असे. म्हणजे भूखंडाच्या काही भागावर जिमखाना, क्लबहाउस, तरणतलाव बांधायचा, सभासदांकडून वर्गणी घ्यायची आणि त्या पैशातून उरलेलं मैदान लोकांसाठी राखायचं. हा विचार मुळात वाईट नव्हता, असं मला वाटतं. महापालिकेला पदरचे पैसे न घालता वस्तीत एक क्रीडा केंद्र मिळत होतं, आणि मुंबईत खेळायला छप्पर कुठे मिळतं?

गोम पुढे आहे. दत्तक जागेचा करार संपला की परत करायची असते ती हिरवळ आणि फाटकाची किल्ली. क्लबचं तसं नसतं. सभासदांनी वर्षांची वर्गणी आधीच भरलेली, नोकरवर्ग नेमलेला, इमारतीत संस्थेचा पैसा अडकलेला. मग जागा परत मागितली की नुकसानभरपाई किती, सभासदांचं काय, इमारत कोणाची, असे प्रश्न निघतात आणि प्रकरण लांबतं. शिवाय वर्गणी परवडणारे आत आणि बाकीचे कुंपणाबाहेर, ही विभागणी कराराच्या काळात रोज घडत असतेच. संस्थेमागे राजकीय पुढारी असेल तर वॉर्ड ऑफिसातला अधिकारी किती जोर लावणार, हे सांगायला नको.

२०१६ साली हे उघड दिसलं. जानेवारीत महापालिका सभागृहाने मोकळ्या जागा संस्थांकडे सोपवण्याचं नवं धोरण मंजूर केलं. त्यावर गदारोळ झाला आणि तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याला स्थगिती दिली. मग संस्थांकडे असलेल्या २१६ जागा परत घ्यायची मोहीम निघाली. नुसती बाग असलेल्या जागांचा ताबा तुलनेने लवकर मिळाला. जिथे क्लब उभे होते तिथे गाडी अडली.

२०२३ मध्ये पुन्हा मसुदा आला, या वेळी दत्तक धोरणाचा. मार्च २०२२ पासून सभागृहात नगरसेवक नव्हते, कारभार प्रशासकाच्या हाती होता. त्यामुळे जाब विचारायला प्रशासकाच्या दारातच जावं लागत होतं. लोकांना धास्ती होती ती मागच्या दाराने काळजीवाहू परत येण्याची. धास्ती अनाठायी नव्हती, पण दत्तक म्हणजेच जमीन बळकावणं हा सूर मला पटत नाही. माळ्याचा पगार कोणी दुसरा देत असेल तर देऊ द्यावा.

क्रीडा केंद्रच हवं असेल तर ते क्लबच्या हाती दिलंच पाहिजे असं नाही. अंधेरीचं शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल महापालिकेचं. ते चालवतं बृहन्मुंबई क्रीडा व ललितकला प्रतिष्ठान, म्हणजे महापालिकेनेच उभी केलेली संस्था. तिथेही शुल्क आहेच, कारभाराबद्दल तक्रारीही होतात. पण इमारत कोणाची हा वाद निघत नाही.

तुमच्या मैदानाची भानगड कळून घ्यायची तर पाटीवर जाऊ नका. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून वॉर्ड ऑफिसकडे कराराची प्रत मागा. त्यात ‘बांधकाम’, ‘सभासद’ आणि ‘शुल्क’ हे शब्द कुठे येतात ते आधी पाहा. मुदत आणि नूतनीकरणाचं कलम त्यानंतर.