लाइट सोया आणि डार्क सोया: घरच्या चिकन नूडल्समध्ये कोणता कशासाठी

सराफ्यातली खाऊगल्ली शाकाहारी, त्यामुळे इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांत चिकन नूडल्स रविवारी घरीच होतात. आणि जेवताना एक वाक्य हमखास ऐकू येतं, "चव छान आहे गं, पण रंग बाहेरच्यासारखा नाही आला." पुढच्या वेळी सोया सॉसची बाटली जरा जास्त वाकते. मग नूडल्स काळपट होतात, मीठ जास्त पडतं, वर मागाहून कडवट चव रेंगाळते. मुलं अर्धी बशी तशीच सोडून उठतात.

यात करणाऱ्याच्या हाताचा दोष नाही. आपण एकाच बाटलीकडून दोन कामं मागतो, आणि चिनी स्वयंपाकात त्या दोन कामांना दोन वेगळे सॉस आहेत. लाइट सोया मीठ आणि चव देतो, डार्क सोया रंग देतो. दोन्ही काळेच दिसतात, दुकानात शेजारी शेजारी उभे असतात, म्हणून एक संपला की दुसरा घ्यायचा असा समज होतो. पण एकाच्या मापाने दुसरा घातला की पदार्थ बिघडलाच समजा.

दोघांचं मूळ एकच. सोयाबीन भिजवून वाफवतात, गहू भाजून भरडतात, दोन्ही एकत्र करून त्यावर अस्परजिलस ओरायझी ही बुरशी वाढू देतात. दोन-तीन दिवसांत दाण्यांवर तिचा थर चढतो. मग हे सगळं भरपूर मिठाच्या पाण्यात महिनोन् महिने मुरतं. त्या काळात बुरशीतली एंझाइम्स सोयाबीनमधली प्रथिनं फोडून त्यांची अमिनो आम्लं करतात. त्यातलंच एक ग्लुटामेट, म्हणजे अजिनोमोटोतून जी चव येते तीच इथे आपसूक तयार होते. गव्हातल्या स्टार्चची साखर होते, आणि साखर व अमिनो आम्लं एकमेकांत मिसळून हळूहळू तपकिरी रंग धरतात. हे मिश्रण पिळून जो पातळ, लालसर तपकिरी रस निघतो, तो लाइट सोया. तोच आणखी मुरवून, त्यात काकवी, साखर किंवा कॅरॅमलचा रंग घातला की डार्क. तो दाट, जवळजवळ काळा, किंचित गोडसर. चिनी डार्क जिभेवर लाइटपेक्षा कमी खारट लागतो. आपल्याकडच्या बाटल्यांतल्या डार्कमध्ये मात्र मीठ बऱ्यापैकी असतं, म्हणून नवी बाटली फोडली की थेंबभर चाखून बघावी.

सोयाबीन आपल्याला काही परका नाही. माळव्याच्या काळ्या जमिनीतलं ते खरिपाचं मुख्य पीक. इंदूरला खंडवा रोडवर 1987 पासून सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, आता तीच राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्था. दाण्यात साधारण 40 टक्के प्रथिनं आणि 20 टक्क्यांच्या आसपास तेल. आपल्याकडे त्याचं तेल काढतात आणि उरलेली पेंड, जिला मंडीत सगळे डीओसी म्हणतात, ती कोंबड्यांच्या खाद्यात जाते. म्हणजे नूडल्समधल्या चिकनमध्येही माळव्याचा सोयाबीन असू शकतो! पण दाणे आंबवून सॉस करण्याची रीत आपल्या घरांत कधी नव्हती, त्यामुळे बाटलीत काय आहे हे पारखायची सवयही आपल्याला लागलेली नाही.

ती लावून घ्यायला हवी, कारण सोया सॉस करण्याची एक झटपट पद्धतही आहे. तेल काढलेली सोया पेंड हायड्रोक्लोरिक आम्लात तापवतात, मग सोडा घालून ते आम्ल मारतात, वरून मीठ, कॅरॅमल रंग आणि गोडी. महिन्यांचं काम काही दिवसांत उरकतं. दिसायला तो डार्कसारखाच, पण चवीला सपाट, नुसता खारट. लेबलवर हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन असं लिहिलेलं दिसलं तर त्यात हा प्रकार आहे असं समजावं. माझं मत स्पष्ट आहे. पैसे खर्च करायचे तर ते आंबवून केलेल्या लाइट सोयावर करावेत, कारण पदार्थाची सगळी चव त्याच्यावर उभी असते. डार्क एका वेळी चमचाभरच लागतो, तो साधा असला तरी चालतो.

सियागंजात किंवा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पुष्कळदा नुसतं "सोया सॉस" लिहिलेली बाटली मिळते. ती आपल्या बाजारात बहुतेक वेळा डार्ककडे झुकणारी असते, कारण आपल्या चायनीजला गडद रंगाची ओढ आहे. मुंबईत 1975 च्या सुमारास शेफ नेल्सन वांग यांनी क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंचुरियन केलं, तेव्हापासून ती तपकिरी ग्रेव्ही देशभर पोचली आणि चायनीज म्हणजे तोच रंग असं डोळ्यांत बसलं. बाटली कुठली हे ओळखायचं असेल तर पांढऱ्या बशीत अर्धा चमचा सॉस ओतून बशी तिरकी करा. लाइट पाण्यासारखा ओघळतो आणि मागे बशी जवळपास स्वच्छ राहते. डार्क हळू सरकतो, मागे तपकिरी पडदा सोडतो. जपानी बाटली हाती आली तर मात्र जरा थांबा. त्यांच्याकडे नेहमीच्या वापराचा जो सॉस गडद गटात मोडतो, तो वापराच्या दृष्टीने चिनी लाइटच्या जवळचा असतो. त्याला डार्क समजून रंगासाठी ओतत राहिलात तर रंग येणार नाही आणि मीठ मात्र वाढत जाईल.

आता कढईकडे. दोन-तीन माणसांसाठी पाव किलो बोनलेस चिकन घ्या, शक्यतो मांडीचं, कारण छातीचं मांस मोठ्या आचेवर लवकर कोरडं पडतं. धाग्याच्या आडवे पातळ तुकडे करा. त्यांना एक मोठा चमचा लाइट सोया, दोन लहान चमचे कॉर्नफ्लोअर, मिरपूड आणि लहान चमचाभर तेल चोळून वीस मिनिटं ठेवा. सोयातलं मीठ मांसात शिरतं आणि त्यातलं पाणी धरून ठेवायला मदत करतं, कॉर्नफ्लोअरचा पातळ लेप वरून कोंडी घालतो. इथे डार्क नको. त्यातली साखर तापलेल्या कढईत चिकन शिजायच्या आधी जळते, आणि मागाहून येणारा कडवटपणा बहुतेक वेळा तिथूनच येतो.

डार्कची जागा नूडल्सवर, आणि तीही कढईत जाण्याआधी. हीच गोष्ट सगळ्यात जास्त चुकते. 200 ग्रॅम नूडल्स किंचित कच्च्या ठेवून उकळा, चाळणीत निथळा, मोठ्या ताटात पसरून वाफ जाऊ द्या. कोमट असतानाच लहान चमचाभर तेल आणि लहान चमचाभर डार्क सोया हाताने हलकेच चोळा. प्रत्येक धाग्याला सारखा रंग येतो. कढईत वरून डार्क ओतलं की ते पडेल तिथे चिकटतं, मग काही धागे काळे आणि काही पांढरे दिसतात, आणि रंग सारखा करायला आपण आणखी ओततो. हाँगकाँग आणि ग्वांगडाँगकडे सोया सॉसमध्ये परतलेल्या नूडल्स करतात, त्यातही लाइट आणि डार्क दोन्ही असतात, डार्क अगदी थोडा.

लोखंडी कढई धूर निघेपर्यंत तापवा. आधी चिकन परतून बाजूला काढा. मग लसूण, कांदा, कोबी, गाजर, सिमला मिरची, एकामागून एक, कुठेही थांबू नका. नूडल्स घाला, चिकन परत घाला. आता शेवटी एक ते दीड मोठा चमचा लाइट सोया कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडा, थेट नूडल्सवर नाही. तापलेल्या लोखंडाला लागताच तो चुरचुरतो आणि जो वास उठतो, त्यासाठीच माणूस बाहेरच्या नूडल्सना भुलतो. घरच्या गॅसची आच हॉटेलच्या भट्टीएवढी नसते, म्हणून चार जणांचं एकदम करू नका. भाज्या पाणी सोडतात, सगळं वाफेवर शिजतं, आणि मग कितीही चांगला सोया असला तरी उकडलेल्या शेवयांची चव येते. दोनदा करा, पाच-सात मिनिटं जास्त लागतील.

मीठ वेगळं घालायचं असेल तर चाखून, सगळ्यात शेवटी. व्हिनेगर आवडत असेल तर अर्धा लहान चमचा, गॅस बंद करताना.

घरात एकच बाटली असली तरी अडत नाही. फक्त डार्क असेल तर नूडल्सना चोळायला वर सांगितला तेवढाच वापरा आणि बाकीची चव मीठ आणि चिमूटभर अजिनोमोटोने आणा, आणखी डार्क ओतून नाही. फक्त लाइट असेल तर नूडल्स फिक्या होतील, चवीला उत्तम लागतील. रंग हवाच असेल तर लहान चमचाभर साखर तेलात गडद तपकिरी होईपर्यंत वितळवा आणि तिच्यात नूडल्स घोळवा.

घरात आजोबांना बीपी असेल तर एक गैरसमज आधी दूर करायला हवा. लाइट सोया म्हणजे कमी मिठाचा सोया नव्हे. उलट एका मोठ्या चमच्यात साधारण 900 मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे दोन ग्रॅमहून जास्त मीठ, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यायला सांगते. कमी सोडियमचा सोया वेगळा मिळतो आणि लेबलवर तसं लिहिलेलं असतं. गव्हाचं पथ्य असणाऱ्यांनी तर लाइट आणि डार्क दोन्ही टाळावेत, कारण गहू दोन्हींत असतो.

बाटली फोडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा. इंदूरच्या मे महिन्यात ओट्यावर राहिलेला लाइट सोया हवेने गडद होत जातो आणि त्याचा वास मरतो. रंग गडद झाला म्हणून तो डार्क होत नाही, त्यामुळे अशा जुन्या बाटलीला डार्क समजून नूडल्सना चोळू नका. ती आमटीत किंवा अंड्याच्या भुर्जीत थोडी थोडी संपवा आणि नूडल्ससाठी नवी आणा.