संरचनात्मक अन्याय

कोणी मुद्दाम केलेला नसतो, कायदाही मोडलेला नसतो, तरीही माणसांच्या मोठ्या गटाला कायम असुरक्षित ठेवतो, अशा अन्यायाला ही संज्ञा वापरतात. तिची सर्वांत सविस्तर मांडणी अमेरिकन तत्त्वज्ञ आयरिस मॅरियन यंग (१९४९–२००६) यांनी केली. समाजाची मूलभूत संरचना, म्हणजे त्याच्या प्रमुख संस्थांची रचना, हा न्यायाचा पहिला विषय, असे अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये म्हटले होते. न्याय म्हणजे साधनसंपत्तीची नुसती वाटणी नव्हे, असे यंग यांनी १९९० मध्ये बजावले.

यंग यांचे सँडी या काल्पनिक स्त्रीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. दोन मुलांची एकटी आई, मॉलमधील दुकानात विक्रेती. राहती इमारत विकासकाने घेतल्यामुळे तिला घर सोडावे लागते. कामाजवळची घरे परवडत नाहीत. दूरच्या घरासाठी गाडी हवी, म्हणून साठवलेले पैसे गाडीत जातात. अखेर घर मिळते, पण तीन महिन्यांचे भाडे आगाऊ भरायला पैसेच उरलेले नसतात. घरमालक, दलाल, सरकारी कर्मचारी यांपैकी कोणीही तिच्याशी वाईट वागलेले नाही. भाडेकरू म्हणून घर शोधलेल्या कोणालाही हा पेच समजावून सांगावा लागू नये.

मग जबाबदार कोण? दोषी शोधून शिक्षा देण्याची पद्धत इथे अपुरी पडते. म्हणून यंग ‘सामाजिक संबंधांवर आधारित जबाबदारी’ सुचवतात : ज्यांच्या रोजच्या व्यवहारांतून ही रचना टिकते, त्या सर्वांनी मिळून ती बदलायची. प्रत्येकाचा वाटा मात्र सारखा नाही. तो सत्ता, विशेष लाभ, हितसंबंध आणि एकत्र येऊन काही करण्याची क्षमता यांवरून ठरतो. स्वस्त कपडे शिवणाऱ्या कारखान्यांतील कामगारांच्या हलाखीची जबाबदारी दूरदेशीच्या ग्राहकापर्यंतही पोहोचते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ कपड्यांचे कारखाने असलेली राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे मेली. तिथे मालकाचा गुन्हा उघड होता. पण मुदतीत आणि कमी दरात माल मागणारी साखळी एका मालकाला अटक केल्याने तुटत नाही.

यंग यांचा या विषयावरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, २०११ मध्ये आला. त्याच्या प्रस्तावनेतच तत्त्वज्ञ मार्था नुसबाम यांनी आक्षेप नोंदवला : जबाबदारी कायम भविष्याकडेच पाहत असेल, तर ती टाळणाऱ्याला दोष कधी लागणार? काल जे करायला हवे होते ते केले नाही, तर आज तो दोष ठरायला हवा. हा आक्षेप रास्त आहे. यंग मात्र दोषारोपापासून जाणूनबुजून दूर राहिल्या, कारण दोष दिला की माणसे बचावाला लागतात आणि एकत्र येणे राहून जाते, असे त्यांचे मत होते.