एका खुर्चीमागची सोळा वर्षं

काळं लेदर, मागून वाकवलेलं तपकिरी लाकूड, खाली पाच फाट्यांचा पाया आणि समोर पाय टाकायला तसंच छोटं स्टूल. ही खुर्ची तुम्ही नक्की पाहिली असणार, निदान तिची नक्कल तरी, कारण हल्ली इंटिरियरच्या फोटोंमधे ती सारखी दिसते. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन नवराबायकोने केलेली ही लाउंज चेअर हर्मन मिलर कंपनीने १९५६ मधे बाजारात आणली. लोक गोष्ट तिथूनच सुरू करतात, पण खरी गोष्ट १९४० पासूनची आहे आणि त्यातली बरीचशी न जमलेल्या प्रयोगांची आहे.

त्या साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने घरातल्या फर्निचरची स्पर्धा ठेवली. चार्ल्स आणि त्याचा मित्र एरो सारिनेन यांनी दिलेल्या खुर्चीत बूड, पाठ आणि हात सगळं प्लायवूडच्या एकाच सलग कवचात होतं. बक्षीस मिळालं, पण खुर्ची काही धड बनेना. प्लाय एका दिशेने वाकवणं तेव्हाही जमत होतं, फिनलंडमधे आल्व्हार आल्टोने पायमिओच्या टीबी सॅनेटोरियमसाठी अशीच वाकवलेल्या प्लायची फार देखणी आर्मचेअर आधीच केली होती. पण कागदाची सुरळी करणं वेगळं आणि तोच कागद वाटीत दाबून बसवणं वेगळं, वाटीत तो चुरगळतो नाहीतर फाटतो, लाकडाचंही तेच, तडे जायचे आणि मग वरून गादी-कापड चढवून ते झाकावे लागायचे. कल्पना होती उघड्या लाकडाची, म्हणजे मूळ मुद्दाच गेला.

१९४१ मधे चार्ल्स-रेचं लग्न झालं आणि दोघं लॉस एंजेलिसला आले. तो दिवसा एमजीएम या सिनेमा स्टुडिओत सेटच्या कामावर, आणि घरी फ्लॅटमधे त्यांनी स्वतःच एक मशीन बनवलं, नाव ठेवलं काझाम. प्लास्टरचा साचा, त्यात गरम होणाऱ्या विजेच्या तारा, साच्यावर गोंद लावलेले लाकडाचे पातळ थर आणि ते दाबून धरायला हवेची पिशवी, जी सायकलच्या पंपाने फुगवायची! गोंद पक्का होईपर्यंत पंप मारत राहायचं. रे मुळात चित्रकार, आणि या आकारांमधे जी लय दिसते त्यात तिचा हात मोठा आहे असं मला ठामपणे वाटतं, तरी पुढे कित्येक वर्षं नाव फक्त नवऱ्याचं छापलं जायचं, ते अजूनही खटकतं.

मग युद्ध. जखमी सैनिकांच्या पायाला बांधायच्या धातूच्या पट्ट्या स्ट्रेचर हलला की थरथरायच्या आणि जखम आणखी बिघडायची. चार्ल्सने स्वतःच्या पायावरून साचा घेतला आणि अमेरिकन नौदलासाठी प्लायवूडच्या पट्ट्या केल्या, युद्ध संपेपर्यंत दीड लाखाच्या आसपास बनल्या. माझ्या मते खुर्चीचा खरा धडा इथे मिळाला, कारण लाकडात मोक्याच्या जागी भोकं आणि खाचा ठेवल्या की ताण सुटतो आणि तडा जात नाही हे कळलं, शिवाय त्याच भोकांतून बँडेजही ओवता येतं.

म्हणून १९४६ च्या साध्या प्लायच्या खुर्च्यांमधे त्यांनी एकसंध कवचाचा हट्टच सोडला, बूड वेगळं, पाठ वेगळी, आणि लाकूड जोडताना मधे रबराच्या जाड चकत्या, ज्या लाकडाला चिकटवलेल्या असतात. त्यामुळे समोरून एकही स्क्रू दिसत नाही आणि टेकलं की पाठ किंचित मागे जाते.

लाउंज चेअरमधे हाच विचार पुढे गेला. चार्ल्सला हवी होती जुन्या इंग्लिश क्लब चेअरची आजची आवृत्ती, आणि बेसबॉल खेळाडूच्या वापरून मऊ झालेल्या ग्लोव्हसारखी तिची ऊब असावी असं तो म्हणायचा. लाकडाची तीन कवचं केली, डोक्याला, कंबरेला आणि बुडाला. वरची दोन मागून अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांनी जोडलेली, आणि कंबरेचं कवच हातांच्या आतून रबरी चकत्यांवर पेललेलं. बुडाची उशी आणि स्टूलची उशी एकसारखीच, अदलाबदल केली तरी चालते. खुर्ची कायम थोडी मागे कललेली असते त्यामुळे भार पाठीवर जातो. सुरुवातीला वरचा थर ब्राझिलियन रोझवुडचा होता, म्हणजे आपल्या शिसवीच्याच कुळातलं झाड, पण ते इतकं तोडलं गेलं की १९९२ मधे त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली, आता इतर लाकडं वापरतात, आणि पाचाच्या जागी सात थर असतात.

खुर्ची आल्यावर दोनच वर्षांनी, १९५८ मधे, भारत सरकारच्या बोलावण्यावरून दोघं इथे फिरले आणि त्यांनी इंडिया रिपोर्ट लिहिला, ज्यातून १९६१ मधे अहमदाबादची एनआयडी ही डिझाइन शिकवणारी राष्ट्रीय संस्था उभी राहिली. त्या रिपोर्टमधे सगळ्यात जास्त कौतुक आहे ते आपल्या लोट्याचं, पाणी किती मावतं, ओततं कसं, भरलेला असताना आणि रिकामा असताना हाताला कसा लागतो, कंबरेवर कसा बसतो, असे एकामागून एक प्रश्न त्यांनी मांडलेत, आणि ते वाचताना मला सारखी ही खुर्चीच आठवते.

जुनी ओरिजिनल कुणी विकत घेत असेल तर लेदरच्या आधी हातांच्या आत दडलेल्या त्या रबरी चकत्या बघायच्या, वर्षानुवर्षांनी रबर कडक होतं, गोंद सुटतो आणि टेकून बसलेल्या माणसासकट पाठ निखळू शकते.