दिसलंच नाही, की दिसूनही सोडलं? वॉरगेममधलं ‘स्पॉटिंग’ आणि ‘टार्गेट प्रायॉरिटी’

वॉरगेम म्हणजे टेबलावर छोटे पुतळे, फासे आणि टेप घेऊन खेळली जाणारी लढाई. अशा टेबलावर तुमच्या दहा रायफलवाल्यांपासून ८ इंचांवर शत्रूची एक तुकडी आहे आणि २० इंचांवर झुडपाआड मशीनगन. तुम्हाला मशीनगन टिपायची आहे, पण नियम आडवा येतो. तो का आडवा येतो, याची उत्तरं दोन आहेत आणि घरगुती नियम लिहिणारे त्यांची हमखास गल्लत करतात. स्पॉटिंगचा नियम विचारतो, तिथे मशीनगन आहे हे या माणसांना कळलंय का? टार्गेट प्रायॉरिटीचा नियम विचारतो, कळलं असलं तरी अंगावर येणाऱ्यांना सोडून ती लांब नेम धरतील का?

स्पॉटिंगचं सर्वांत शुद्ध रूप सर्वांत जुनं आहे. राइसवित्झच्या १८२४च्या ‘क्रीगश्पील’ या प्रशियन युद्धखेळात पंच असे आणि खेळाडूला जे दिसू शकतं तेवढेच ठोकळे तो नकाशावर मांडे. पंचाशिवाय खेळताना तेच काम मार्कर, म्हणजे पुतळ्याऐवजी ठेवलेली खुणेची चकती, करतो. ‘इन्फिनिटी’ या खेळात छद्मावरणातला सैनिक मार्कर म्हणून उतरतो आणि त्याच्यावर थेट गोळी झाडता येत नाही. आधी ‘डिस्कव्हर’साठी वीस बाजूंचा फासा टाकायचा. कोणतीही वजाबाकी नसेल आणि बघणाऱ्याचा डब्ल्यूआयपी (इच्छाशक्तीचा गुण) १३ असेल, तर तेवढा किंवा कमी आकडा पडण्याची शक्यता ६५ टक्के.

या फाशावर परिणाम व्हायला हवा तो अंतराचा, आडोशाचा, लक्ष्य हललं किंवा त्याने गोळी झाडली याचा, आणि बघणारा कुठून बघतोय याचा. शेवटची बाब बहुतेक नियमांत राहून जाते. १९४१च्या टी-३४ या सोव्हिएत रणगाड्याच्या बुरुजात दोनच माणसं होती आणि कमांडरलाच तोफही डागावी लागे. समोरच्या जर्मन पँझर ३च्या बुरुजात तीन होती. कमांडर बुरुजावरच्या आपल्या घुमटीतून फक्त बघायला आणि हुकूम द्यायला मोकळा. म्हणून टी-३४ला वजा गुण द्यायचा तो स्पॉटिंगमध्ये. त्यातल्या माणसांचं धैर्य किंवा शिस्त कमी धरली तर इतिहासावर अन्याय होतो. १९४४च्या टी-३४-८५चा बुरुज तिघांचा झाला, तेव्हा ही वजाबाकी काढून टाकावी.

टार्गेट प्रायॉरिटीचं ठसठशीत उदाहरण म्हणजे ‘वॉरहॅमर ४०,०००’ या खेळाची २००४ची चौथी आवृत्ती. सर्वांत जवळची तुकडी सोडून दुसरीवर गोळीबार करायचा, तर दोन फाशांची बेरीज तुकडीच्या लीडरशिपइतकी (तिच्या शिस्तीच्या आकड्याइतकी) किंवा कमी यावी लागे. लीडरशिप ८ असेल तर ३६ पैकी २६ वेळा, म्हणजे सुमारे ७२ टक्के. ७ असेल तर ५८ टक्के. चाचणी फसली की गोळीबार जवळच्यावरच. २००८च्या पाचव्या आवृत्तीत ही चाचणी गेली. खेळ वेगवान झाला खरा, पण नवख्या आणि मुरलेल्या सैनिकांमधला एक खरा फरकही तिच्यासोबत गेला.

काळ बदलला की हा नियमही बदलायला हवा. ‘ब्राउन बेस’ या जुन्या ब्रिटिश ठासणीच्या बंदुका घेऊन रांगेत उभ्या असलेल्या पायदळाला चाचणीची गरजच नाही. रांग हुकमावर समोर झाडते आणि दोन फैरींनंतर धुरात फारसं काही दिसत नाही. तिथे ‘समोरच्या पट्ट्यातलं जवळचं लक्ष्य’ एवढं पुरतं. उलट, स्नायपरचं कामच माणूस निवडून टिपणं आहे. त्याला प्रायॉरिटीतून सूट द्या, स्पॉटिंगमधून देऊ नका.

दृष्टिरेषा, म्हणजे मधे काही आड न येता इथून तिथवर नजर पोचते का, ही तिसरीच गोष्ट. पुतळ्याच्या डोळ्यामागून वाकून बघणं वास्तव वाटतं, पण ‘बोल्ट ॲक्शन’ या दुसऱ्या महायुद्धावरच्या खेळातली रायफलची २४ इंचांची पल्ला-मर्यादा पुतळ्यांच्या १/५६ प्रमाणात जेमतेम ३४ मीटर भरते. जमिनीचं माप आणि पुतळ्यांचं माप वेगळं असताना मिलिमीटरची दृष्टिरेषा वास्तव वाढवत नाही.

गल्लत कुठे महागात पडते ते आकड्यांत बघा. वरच्या मशीनगनसाठी आधी ४+ने (सहा बाजूंच्या फाशावर ४ किंवा जास्त) स्पॉटिंग आणि मग लीडरशिप ८ची चाचणी लावली, तर नेम हव्या त्या जागी जाण्याची शक्यता ३६ पैकी १३, म्हणजे ३६ टक्क्यांवर येते. मग खेळाडू लांब बघणंच सोडतात आणि कुणीही स्वस्तातली तुकडी पुढे ढकलून आपल्या तोफा झाकतो. म्हणून स्पॉटिंग फक्त न हललेल्या, गोळी न झाडलेल्या, आडोशातल्या लक्ष्यासाठी ठेवा. मशीनगनने एकदा तोंड उघडलं की ती सगळ्यांना दिसली. प्रायॉरिटीची चाचणी तेव्हाच घ्या, जेव्हा जवळचा शत्रू १२ इंचांच्या आत आहे आणि हातातल्या शस्त्राने त्याला इजा होऊ शकते. रायफलवाले जवळचा रणगाडा सोडून मागच्या पायदळावर झाडत असतील, तर ती शहाणी निवड आहे. तिला फासा कशाला? पळत सुटलेली तुकडीही ‘जवळची’ धरू नका.

आणि ‘सर्वांत जवळ’ ठरवताना टेपवरून वाद होतातच. दोन लक्ष्यांच्या अंतरात ३ इंचांपेक्षा कमी फरक असेल तर दोन्ही सारखीच जवळ धरा आणि त्यातली निवड खेळाडूवर सोडा. मात्र त्यातल्या एखादीने याच पाळीत तुमच्या तुकडीवर गोळीबार केला असेल, तर उत्तर तिलाच.