स्वमग्नता : चेहरा आणि आवाजातून भावनांचे आकलन

‘वा, छान!’ हे शब्द कौतुकाचे की टोमण्याचे, ते भुवई आणि सूर मिळून ठरवतात. बहुतेकांच्या बाबतीत हा मेळ नकळत बसतो. 2000 साली बिआट्रिस द गेल्डर आणि जाँ व्ह्रूमेन या संशोधकांनी आनंदी ते दुःखी अशा टप्प्याटप्प्याने बदलणाऱ्या चेहऱ्यांसोबत आनंदी किंवा दुःखी सुरातले आवाज ऐकवले. आवाजाकडे लक्ष देऊ नका असे बजावूनही चेहऱ्याबद्दलचे उत्तर आवाजाच्या बाजूला झुकत राहिले.

स्वमग्न (ऑटिस्टिक) व्यक्तींमध्ये हा मेळ सरासरीने सैल आढळतो. त्याचा सर्वांत परिचित पुरावा भावनांचा नाही, अक्षरांचा आहे. ओठ ‘गा’ म्हणताना दिसावेत आणि कानावर ‘बा’ पडावा, तर अनेकांना ‘दा’ ऐकू येतो. मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड यांनी 1976 मध्ये नोंदवलेला हा भास स्वमग्न मुलांना कमी होतो. म्हणजे त्यांचा कान डोळ्याला तितकासा फसत नाही. याला नुसते वैगुण्य म्हणणे जड जाते. वय वाढते तसा हा फरक कमी होत असल्याचेही काही अभ्यासांत दिसले आहे.

एक कारण वेळेचे आहे. ओठांची हालचाल आणि आवाज यांत किती अंतर पडले तरी मेंदू त्यांना एकच घटना मानतो, ती मुदत बोलण्याच्या बाबतीत स्वमग्न मुलांमध्ये जास्त लांब असते. मुदत लांबली की कुठला सूर कुठल्या चेहऱ्याचा, हे धूसर होते. भरल्या घरात चौघे एकदम बोलत असताना हे फार जाणवावे.

भावनाही सारख्या अवघड नसतात. आनंद ओळखण्यात फरक थोडाच पडतो, भीती ओळखण्यात अधिक. शिवाय या क्षेत्रातला एक जुना घोळ आहे : स्वतःच्याच भावनांना नाव देता न येणे, म्हणजे ‘अलेक्सिथायमिया’, हे अनेक स्वमग्न व्यक्तींमध्ये आढळते, सर्वांमध्ये नाही. 2013 च्या एका अभ्यासात चेहऱ्यावरचे भाव ओळखण्यातल्या चुका स्वमग्नतेशी नव्हे, तर याच गुणाशी जुळल्या.

‘यांना भावना कळत नाहीत’ हे सरसकट विधान म्हणूनच टिकत नाही. इंग्लंडमधील स्वमग्न समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये ‘दुहेरी सहानुभूतीची समस्या’ मांडली : न समजणे दोन्ही बाजूंनी असते. स्वमग्न माणसाचा चेहरा वाचताना इतरही चुकतात. त्यांच्या चुकांना मात्र कोणी निदान चिकटवत नाही.